आमचा संघ : कालचे खेळाडू आणि आजचे



वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेत संतवाङ्मय आणि पाणीप्रश्न यांच्या मधोमध फुटबॉल हा विषय छापलेला पाहून ती छापखान्याची चूक असावी असे पुष्कळांना वाटले असेल. चिटणीसांचे बोलावणे आले तेव्हा माझीही तशीच समजूत झाली होती. आपल्या गावात मैदान म्हटले की क्रिकेट, आणि फुटबॉल म्हटले की पावसाळ्यात चिखलात लोळून येणारी पोरे, एवढाच हिशेब असतो. तरीही आपण उन्हाची तलखी ओसरल्यावर इतक्या संख्येने येथे आला आहात. त्या अर्थी एक तर फुटबॉलबद्दल थोडे कुतूहल असले पाहिजे, किंवा उद्याच्या वक्त्यासाठी जागा आजच धरून ठेवावयाची असली पाहिजे. दोन्ही प्रकारच्या श्रोत्यांचे मी आभार मानतो.

माझा अधिकार काय, तेही सांगून टाकतो. मी खेळाडू नव्हे, शिक्षक नव्हे, पंच तर नव्हेच नव्हे. मी प्रेक्षक आहे. चार दशके मी मुंबईच्या कूपरेजच्या बाकांवर, पुढे अंधेरीच्या नव्या मैदानावर आणि आता गुडघे कुरकुरू लागल्यापासून घरच्या पडद्यासमोर बसून भारताचा संघ पाहत आलो आहे. बंगाल्यांना मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉल आहेत. गोवेकरांना धेंपो आणि साळगावकर ही नावे घरच्या माणसांसारखी आहेत. आमच्या कोल्हापूरकरांना पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमी आहेत, आणि शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना असला की पेठेतल्या पेठेत बोलणे बंद होते! मुंबईकराचे तसे नाही. आमचे संघ कचेऱ्यांचे. टाटा, रेल्वे, एअर इंडिया, महिंद्र. कचेरीने खर्च आवरला की संघ गेला. महिंद्र युनायटेडसारखा मातबर संघ 2010 साली असाच बंद झाला. तेव्हा ‘आमचा संघ’ म्हणावयास माझ्याकडे देशाचाच संघ उरला, आणि त्याच्याविषयी मी क्लबाच्या चाहत्यासारखा बोलतो. म्हणजे पक्षपाताने, रागाने आणि पुष्कळदा अवाजवी तपशिलाने. तो दोष आपण पोटात घालावा.

वाद कोठे आहे ते सांगतो. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने आपल्याला 2-1 असे हरविले आणि 2027 च्या आशिया चषकाचे दार बंद झाले. पहिला गोल आपला होता. लल्लियानझुआला छांगटे या मिझोरामच्या मुलाने तो सुरेख मारला होता. पुढच्याच महिन्यात ढाक्याला बांगलादेशाने 1-0 असे हरविले; बावीस वर्षांत त्यांना आपल्यावर विजय मिळाला नव्हता. या दोन सामन्यांनंतर माझ्या ओळखीचे जितके म्हणून फुटबॉलवेडे आहेत त्या सर्वांच्या तोंडी एकच वाक्य होते : ‘चुनी असता तर!’ म्हणजे चुनी गोस्वामी. तो ज्यांनी पाहिला असे त्यांत बहुधा कोणीही नव्हते. चुनीबाबू 1964 साली आंतरराष्ट्रीय सामन्यांतून निवृत्त झाले आणि 2020 साली निवर्तले. परंतु पूर्वीचे ते सिंह आणि आत्ताचे ते शेळपट, हा निकाल आमच्या मंडळींनी कायमचा लावून टाकला आहे. 2024 साली रहीमसाहेबांवर ‘मैदान’ हा चित्रपट आल्यापासून तर त्या निकालावर अपीलही उरले नाही. मला आज ते अपील करावयाचे आहे. तेही जुन्यांवर अन्याय न करता.

जुन्या खेळाडूंविषयी माझी मते वारशाने आलेली आहेत हे प्रथमच सांगितलेले बरे. माझे वडील तरुणपणी कूपरेजवर रोव्हर्स चषकाचे सामने पाहावयास जात. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने 1950 ते 1954 अशी लागोपाठ पाच वर्षे तो चषक मुंबईत येऊन नेला. त्या संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम. पेशाने ते शाळामास्तर होते. वडील सांगत, की इतर संघ चेंडूच्या मागे धावत आणि हे पोलीस चेंडूला धावावयास लावीत. चेंडू आला की तो पायात घोळवावयाचा नाही, पहिल्याच स्पर्शात पुढे द्यावयाचा. आणि डावा पाय हा केवळ उजव्याला टेकू म्हणून दिलेला नाही, हे रहीमसाहेब पोरांकडून घोटून घेत. आज ऐकताना यात विशेष काही वाटत नाही. त्या काळी आपल्याकडे चार जणांना चकवून पाचव्याच्या पायात अडकणाऱ्या खेळाडूला खांद्यावर घेण्याची रीत होती. माझ्या वडिलांना तोही आवडे, ही गोष्ट वेगळी.

तर हे रहीमसाहेब 1951 पासून जवळजवळ 1962 पर्यंत देशाच्या संघाचे शिक्षक होते, आणि आपण ज्याला सुवर्णकाळ म्हणतो तो बहुतेक सगळा त्यांच्या कारकिर्दीत मावतो. या सुवर्णाचा कस जरा लावून पाहू.

1951 साली दिल्लीला पहिले आशियाई खेळ झाले. अंतिम सामन्यात इराणवर 1-0 असा विजय मिळाला. मेवालालचा गोल, शैलेन मन्ना कर्णधार. आनंदाचीच गोष्ट. पण स्पर्धेत संघ सहा होते, आणि कोरिया तेव्हा युद्धाच्या वणव्यात होता. पुढच्याच वर्षी हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 असे धुऊन काढले. 1956 साली मेलबोर्नला आपण ऑलिंपिकमध्ये चौथे आलो, हे वाक्य प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहावे इतके लाडके आहे. खरे आहे ते. मात्र पहिल्या फेरीत हंगेरी आलाच नाही म्हणून आपल्याला चाल मिळाली. ऑस्ट्रेलियावर 4-2 असा एक झळझळीत विजय. नंतर युगोस्लाव्हियाकडून 1-4 आणि बल्गेरियाकडून 0-3 अशा दोन हारी. एका विजयावर आपण चौथे आलो.

ही मापे काढल्याबद्दल जुने लोक माझ्यावर रागावतात. पण त्या काळाची थोरवी कोठे आहे हे कळावयास मापे काढावीच लागतात. मला विचाराल तर मेलबोर्नच्या चौथ्या क्रमांकापेक्षा 1960 चे रोम मोठे. रोमला आपण एकही सामना जिंकला नाही. हंगेरीकडून 2-1 असे हरलो, फ्रान्सशी 1-1 अशी बरोबरी केली, पेरूकडून 3-1 असे हरलो आणि परत आलो. पदक नाही, क्रमांक नाही, म्हणून कोणी त्याचे नाव घेत नाही. परंतु ज्या हंगेरीने त्या स्पर्धेत पुढे कांस्यपदक मिळविले त्यांच्याशी एका गोलाच्या अंतराने, आणि फ्रान्सशी बरोबरीने, अकरा भारतीय बूट घालून खेळले. त्यानंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकला गेलेला नाही.

बुटांचा विषय निघालाच आहे तर ती एक कथा येथेच संपवू. 1950 साली ब्राझीलला विश्वचषक होता, आपल्याला जागा मिळाली होती, पण आपले खेळाडू अनवाणी खेळत म्हणून त्यांना परवानगी नाकारली आणि मानी भारतीयांनी जाणे रद्द केले, अशी ती कथा. ऐकावयास इतकी गोड, की खोटी म्हणवत नाही. खुद्द मन्ना यांनीच पुढे सांगितले की बुटांचे कारण खरे नव्हे. आपल्या फुटबॉल महासंघाला ऑलिंपिकपुढे विश्वचषकाचे मोल वाटले नाही, म्हणून संघ गेला नाही. अनवाणी पाय मात्र निष्कारण बदनाम झाले. की प्रसिद्ध झाले म्हणू?

आता 1962. जकार्ता. येथे माझी मापे काढण्याची सवय थोडी आवरती घ्यावी लागते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला 2-0 असे हरविले होते. आपल्याच एका क्रीडाधुरीणाने इस्रायल आणि तैवान यांना वगळल्याबद्दल यजमानांवर टीका केली, म्हणून सगळे मैदान आपल्यावर खवळलेले. जर्नेल सिंगचे डोके फुटून टाके पडलेले. गोलरक्षक पीटर थंगराज आजारातून नुकता उठलेला. रहीमसाहेब स्वतः फुप्फुसाच्या कर्करोगाने पोखरलेले. पुढच्या जूनमध्ये ते गेलेच. अशा स्थितीत 4 सप्टेंबर रोजी पुन्हा त्याच कोरियाशी अंतिम सामना. रहीमसाहेबांनी जर्नेलला बचावातून काढून आघाडीत उभे केले होते. पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला, पट्टी बांधलेल्या जर्नेलने दुसरा, आणि तोही पहिल्या वीस मिनिटांत! निकाल 2-1. त्या अकरांत फोर्तुनातो फ्रँको हा मूळचा गोव्याचा आणि मुंबईच्या मैदानांवर नावारूपाला आलेला हाफ होता, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? तो 2021 साली वारला तेव्हा मराठी वर्तमानपत्रांत ती बातमी शोधावी लागली.

या संघातल्या तिघांची नावे एका दमात घेण्याची पद्धत आहे : चुनी, पी. के., बलराम. तिन्ही एका पारड्यात घालणे मला मान्य नाही. पी. के. म्हणजे उजव्या बगलेवरून सुटलेला तोफगोळा. कचेरी त्यांची ईस्टर्न रेल्वे, आणि त्या रेल्वेच्या संघाला त्यांनी 1958 साली कलकत्त्याची लीग जिंकून दिली, मोठमोठ्या क्लबांच्या नाकावर टिच्चून. चुनी म्हणजे देखणेपणा. त्यांचा पाय चेंडूला लागला की मैदान उसासा टाकी असे म्हणत. हे गृहस्थ क्रिकेटही असे खेळत की 1971-72 च्या हंगामात बंगालचे कर्णधार होऊन रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत आले, आणि तेथे आपल्या मुंबईने त्यांना अडविले. एवढे सगळे ज्याला लाभले त्याच्यावर लोकांनी प्रेम करावे यात नवल काय!

परंतु माझे मत तुलसीदास बलरामला. सिकंदराबादजवळच्या गरीब घरातला मुलगा. रोमला आपण जे तीन गोल केले त्यांतले दोन याचे, एक हंगेरीवर आणि एक पेरूवर. डाव्या बगलेवर, आत, मध्ये, कोठेही उभा करा, संघाला जेथे भोक पडले असेल तेथे तो जाऊन बसे. आजाराने 1963 च्या सुमारास, ऐन भरात, त्याला खेळ सोडावा लागला. पी. के. आणि चुनी यांना पद्मश्री मिळाली, बलरामला ती अखेरपर्यंत मिळाली नाही. 2023 साली तो गेला. वडिलांचे मत चुनीला होते आणि या एका बाबतीत आमचे घरात कधी पटले नाही.

येथवर मी जुन्यांचे गुणगान केले. आता नवे. आणि नव्यांची सुरुवात मी गोलरक्षकापासून करतो, कारण तेथे माझा मुद्दा सर्वांत स्पष्ट दिसतो.

गोलरक्षकांचे दारिद्र्य या देशाला कधीच आले नाही. थंगराज मद्रास रेजिमेंटचा, सहा फुटांहून उंच. गंमत म्हणजे त्याने सुरुवात सेंटर फॉरवर्ड म्हणून केली होती. त्याच्यानंतरच्या काळात गोव्याचा ब्रह्मानंद शंखवाळकर आला. त्याला मी स्वतः पाहिले आहे, आणि चेंडू पकडताना त्याच्या हातांचा आवाज होत नसे असे मी शपथेवर सांगेन. मग 2011 च्या आशिया चषकात दक्षिण कोरियापुढे एकटा लढलेला सुब्रत पाल. आपण 4-1 असे हरलो, पण सुब्रत नसता तर हेलसिंकीची आठवण झाली असती. आणि मग गुरप्रीत सिंग संधू. 10 सप्टेंबर 2019 रोजी दोहाला, त्याच वर्षी आशियाचा विजेता झालेल्या कतारने आपल्या गोलावर भडिमार केला आणि तरीही सामना 0-0 राहिला. ती रात्र मी थंगराजच्या कोणत्याही रात्रीच्या तोडीची मानतो. 2016 साली नॉर्वेच्या स्टाबेक संघातून युरोपा लीगमध्ये उतरणारा गुरप्रीत हा पहिला भारतीय. 8 सप्टेंबर 2025 रोजी ताजिकिस्तानात ओमानविरुद्ध शेवटची पेनल्टी अडवून त्याने आपल्याला तिसरे स्थान मिळवून दिले, तेव्हा हीच मंडळी त्याला देव म्हणत होती. पाच आठवड्यांनी फातोर्डा झाले आणि देवाचा पुन्हा धोंडा झाला.

बचावातही आजचे लोक कमी नाहीत. जर्नेलची बरोबरी कोणी करणार नाही हे कबूल. तरी संदेश झिंगनचे अंग चेंडूपुढे झोकून देणे मला जर्नेलच्या कुळातले वाटते. आपल्या मुंबईचा राहुल भेके घ्या. गाजावाजा नाही, केशरचनेचे कौतुक नाही. 2019 साली अंधेरीला इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना त्याने जादा वेळेत डोक्याने गोल मारून बेंगळुरूला जिंकून दिला आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कोणाच्या ध्यानात राहिला नाही.

मग हरतो कोठे? गोल मारण्यात. 2024 च्या जानेवारीत कतारला आशिया चषक झाला. ऑस्ट्रेलिया 2-0, उझबेकिस्तान 3-0, सीरिया 1-0. तीन सामने, आपला गोल एकही नाही. त्या संपूर्ण वर्षात भारताने एकही सामना जिंकला नाही. 2025 च्या मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशाशी 0-0. मोकळे गोल पुढ्यात असताना आपल्या पोरांनी चेंडू आकाशात कोठे कोठे धाडले ते पाहून माझ्या शेजाऱ्याने दूरदर्शन संच बंद केला, तो माझाच होता! तसा हा आजार अगदी आजचा नव्हे. 1948 साली लंडनला फ्रान्सशी आपण 2-1 असे हरलो तेव्हाही दोन पेनल्ट्या वाया गेल्या होत्या. मात्र त्या काळी गोल चुकविणारे जसे होते तसे मारणारेही होते. ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारणारा नेव्हिल डिसोझा कोण होता? मुंबईच्या मैदानांचा सेंटर फॉरवर्ड. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. त्या स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे चार, गोल ज्या तिघांच्या नावावर लागले त्यांतला एक. मुंबईत त्याच्या नावाने एखादा चौक असावा असे मला फार वाटते.

नेव्हिलनंतर ही साखळी बारीक झाली तरी तुटली नाही. इंदर सिंग आला. मग केरळचा विजयन. त्रिचूरच्या मैदानात सोड्याच्या बाटल्या विकणारा हा पोरगा पुढे त्याच मैदानावर लोकांना वेड लावू लागला. हातात चेंडू... क्षमा करा, पायात चेंडू असताना विजयनइतका निवांत माणूस मी पाहिला नाही. 1999 साली इंग्लंडच्या बरी क्लबात गेलेला सिक्कीमचा बायचुंग भुतिया त्याच्या उलट, सदैव घाईत आणि म्हणून बचाववाल्यांच्या अर्धे पाऊल पुढे. दुर्दैव असे की या दोघांना बलराम मिळाला नाही आणि रहीमही मिळाले नाहीत. त्यांची सर्वोत्तम वर्षे दक्षिण आशियाच्या अंगणात गेली.

आणि मग सुनील छेत्री. 2005 साली क्वेट्टा येथे पाकिस्तानविरुद्ध पहिल्याच सामन्यात गोल. 2008 साली दिल्लीला ताजिकिस्तानवर अंतिम सामन्यात तीन गोल, आणि त्या विजयाने 1984 नंतर प्रथमच आपण आशिया चषकाला गेलो. जून 2024 मध्ये कलकत्त्याला कुवेतशी 0-0 असा निरोपाचा सामना झाला तेव्हा त्याच्या नावावर चौऱ्याण्णव गोल होते.

छेत्रीविषयी दोन मते आहेत. एक म्हणते, मेस्सी आणि रोनाल्डो यांच्या पंक्तीला बसणारा. दुसरे म्हणते, नेपाळ, मालदीव, भूतान यांच्यावर गोल मारून आकडा फुगविलेला. पहिले मत ऐकून मला हसू येते आणि दुसरे ऐकून संताप येतो. ज्याच्यापुढे जो संघ येईल त्याच्यावर तो गोल मारील. सामने ठरविणे हे काही सेंटर फॉरवर्डचे काम नव्हे. आणि एकोणीस वर्षे, दर वेळी बचावातले दोघे आपल्याच अंगावर येणार हे ठाऊक असताना, पाच फूट सात इंच उंचीच्या माणसाने डोक्याने गोल मारावेत, याला काय म्हणावयाचे?

1 जून 2018 ची संध्याकाळ मला आठवते. अंधेरीला चायनीज तैपेईशी सामना. छेत्रीचे तीन गोल, आपण 5-0 असे जिंकलो, आणि बाकांवर आम्ही अडीच हजारांच्या आसपास माणसे. आमच्या ओरडण्याचा प्रतिध्वनी ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी छेत्रीने ध्वनिचित्रफितीतून लोकांना हात जोडले : शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. 4 जूनला केनियाशी सामना होता, त्याचा शंभरावा. मुसळधार पाऊस, आणि तिकीट शिल्लक नाही! कपडे निथळत होते, चेंडू पाण्यात थांबत होता, आपण 3-0 असे जिंकलो. माझ्या शेजारी बसलेले वसईचे एक म्हातारे गृहस्थ दोन्ही सामन्यांना आले होते. ते पावसात म्हणाले, ‘अहो, परवा हे सगळे कुठे होते?’ मला त्यांचे वाक्य मैदानापेक्षा अधिक आठवते.

निवृत्त झालेला छेत्री 2025 च्या मार्चमध्ये पुन्हा बोलावला गेला. वय चाळीस. शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने पंचाण्णवावा गोल मारला. लोकांनी टाळ्या वाजविल्या. मी वाजविल्या नाहीत. चाळिशीच्या माणसाला परत बोलवावे लागते याचा अर्थ त्याची जागा घ्यावयास इतक्या मोठ्या देशात कोणी उभा नाही असा होतो. त्याच हंगामात सुपर लीगमध्ये सर्वाधिक गोल मोरोक्कोच्या अजाराईचे, तेवीस. आणि भारतीयांत सर्वाधिक छेत्रीचे, चौदा. विशी-पंचविशीचा एकही भारतीय त्याच्या पुढे नव्हता.

मंडळी, येथे माझे अपील येते. आजच्या पोरांना गोल मारता येत नाही, ते त्यांच्या पायांत कमी आहे म्हणून नव्हे. त्यांना ती जागा कोणी देतच नाही. 2014 साली सुपर लीग सुरू झाली तेव्हा अकरांत सहा परदेशी खेळाडू चालत. पुढे पाच झाले, 2021 पासून चार. चांगले परदेशी खेळाडू आले, खेळ वेगवान झाला, मैदाने सुधारली, हे मी नाकारीत नाही. पण क्लबाचा मालक चार परदेशी कोठे उभे करील? जेथे सामना जिंकला जातो तेथे, मधोमध, प्रतिपक्षाच्या गोलापुढे. गोलरक्षकाची जागा बहुतेक क्लब भारतीयाला देतात, म्हणून गोलरक्षक तयार होतात. बगला भारतीयांना देतात, म्हणून छांगटे तयार होतो. सेंटर फॉरवर्डची जागा देत नाहीत, म्हणून तो तयार होत नाही. शाळेत जो मुलगा दर रविवारी चार गोल मारतो, त्याला अठराव्या वर्षी बगलेवर ढकलतात आणि विसाव्या वर्षी त्याला गोलापुढे कसे उभे राहावे याचा विसर पडतो. मनवीर सिंगचे उदाहरण आहेच. देशासाठी सेंटर फॉरवर्ड, क्लबात पुष्कळदा उजवी बगल. तरी त्याने 2023 च्या नोव्हेंबरात कुवेतला जाऊन कुवेतला गोल मारून हरविले. त्या रात्री त्याचे नाव कोणी घेतले? शिलाँगला संघाचे चुकलेले गोल मात्र सगळ्यांना पाठ आहेत.

नेव्हिल डिसोझा आपल्या क्लबात सेंटर फॉरवर्ड होता आणि देशासाठीही सेंटर फॉरवर्डच होता. आठवडाभर नोकरी, संध्याकाळी सराव, आणि हंगामभर त्याच जागी. पी. के.ना रेल्वेची नोकरी होती, चूक झाली तर पोट मारले जात नव्हते. आजच्या मुलाच्या हातात पैसा अधिक येतो हे खरे, पण तो करारावर असतो. आणि 2025 साली तर हक्कांच्या वादापायी लीगचा हंगामच ठरल्या वेळी सुरू झाला नाही. पगार कधी, सराव कोठे, कोणास ठाऊक नाही, अशा स्थितीत ही पोरे फातोर्ड्याला आणि ढाक्याला उतरली होती.

शिवाय समोरचे कोण, तेही पाहा. ज्या जपानला आपण 1962 साली 2-0 असे हरविले, त्यांनी 1993 साली व्यावसायिक लीग उभी केली आणि 1998 पासून प्रत्येक विश्वचषक गाठला. 2025 साली उझबेकिस्तान आणि जॉर्डनही विश्वचषकाला पात्र ठरले. चुनीबाबूंच्या पिढीला असे उझबेक भेटले नव्हते. 1962 चा संघ आजच्या तारखेस जसाच्या तसा उचलून फातोर्ड्याला उतरविला, तर तो जिंकला असता का? माझे उत्तर असे आहे, की नव्वद मिनिटे धावण्यात आजची पोरे त्यांना मागे टाकतील, पण मिळालेल्या तीन संधींतून बलरामने एक साधली असती, कारण त्या जागी तो हजार वेळा उभा राहिलेला होता.

उपाय म्हणून आता परदेशी पारपत्राचे भारतीय आणावेत असे बोलले जाते. 2025 च्या नोव्हेंबरात रायन विल्यम्स याने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून आपले घेतले. त्याचे आजोळ मुंबईचे. त्याचे स्वागत आहे. पण आजोळे धुंडाळून संघ भरावयाचा तर फार आजोळे लागतील. मला त्यापेक्षा कोल्हापूरचा अनिकेत जाधव अधिक महत्त्वाचा वाटतो. 2017 चा सतरा वर्षांखालील विश्वचषक तो खेळला. गोलाकडे तोंड करून धावणारा मुलगा. पुढे क्लबांत त्याला मिळाली ती बहुधा बगलच, आणि पुष्कळदा बदली खेळाडूचा बाक. क्लबांना दर सामन्यात आघाडीत एक तरी भारतीय सेंटर फॉरवर्ड उभा करण्याची सक्ती करावी असे माझे मत आहे. मालकांना ते रुचणार नाही, पहिली दोन वर्षे गोलही कमी होतील. होऊ द्यावेत.

आणि हो, आमच्या बायकांच्या संघाने जुलै 2025 मध्ये थायलंडमध्ये जाऊन थायलंडला 2-1 असे हरविले आणि 2026 च्या आशिया चषकात जागा मिळविली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पुरुषांच्या नावाने बोटे मोडण्यात गुंतल्यामुळे आमच्या मंडळींच्या हे कानावरही आले नव्हते.

शेवटी, चाहत्याला दोन्ही काळांतले अकरा निवडावयास सांगतातच, तेव्हा तेही उरकतो. गोलात थंगराज, पण दोहाच्या रात्रीपुरता गुरप्रीत. बचावात मन्ना, जर्नेल, अरुण घोष आणि मुंबईचा म्हणून भेके. होय, पक्षपात आहे. मध्ये फ्रँको आणि राम बहादूर. उजवीकडे पी. के., डावीकडे छांगटे, कारण त्याच्या वेगाला 1962 मध्येही तोड नव्हती. सेंटर फॉरवर्ड छेत्री, आणि नेव्हिल बाकावर, तोही फार नाराज होऊन. छेत्रीच्या मागे बलराम. त्या जागी ज्यांना चुनीबाबू हवे असतील त्यांनी आता प्रश्नोत्तरांच्या वेळी खुशाल उठावे. अध्यक्षमहाराजांनी मला आधीच सांगून ठेवले आहे, की पहिला प्रश्न त्यांचा आहे.